बीबीए-बीसीएची सीईटी बंद करा

कोथरूडची_आई
२०२४ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस या व्यवस्थापन आणि कॉम्प्युटरच्या पदव्यांना राज्यात सीईटी, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा, सक्तीची झाली. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) हे कोर्स आपल्या अखत्यारीत घेतले म्हणून. त्याआधी पुण्यातली बहुतेक कॉलेजं बारावीच्या मार्कांवर यादी लावायची आणि विषय संपायचा. पहिल्याच वर्षी जागा १ लाखाच्या वर आणि परीक्षेला बसलेली मुलं ५० हजारांच्याही आत. शेवटी ऑगस्टमध्ये पुन्हा परीक्षा घ्यावी लागली! मुलांपेक्षा जागा जास्त असताना चाळणी लावायचीच कशाला?

पेपरही बघा. १०० पैकी ४० प्रश्न इंग्रजीचे. भोरहून मराठी माध्यमातून कॉमर्स करून आलेल्या मुलीला अकाउंट्स छान येतं, त्यावर एकही प्रश्न नाही. बारावीला इंग्रजी सक्तीचं होतंच की. ते एकदा तपासून झालंय.

सदाशिव_पेठी
अजिबात पटलं नाही. बारावीच्या मार्कांवर एवढा विश्वास कशाच्या जोरावर? २०२१ ला परीक्षाच झाली नाही. दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के धरून निकाल लावला, तो ९९.६३ टक्के लागला. ते कोरोनाचं वर्ष होतं, मान्य. पण एरवीही तोंडी-प्रात्यक्षिकाचे मार्क कॉलेजच्याच हातात असतात. त्यात स्टेट बोर्ड, सीबीएसई, आयएससी (आयसीएसईवाल्यांची बारावी), तिघांची मोजपट्टी वेगळी. नावाजलेल्या कॉलेजात एका जागेसाठी रांग लागते, तिथे सगळ्यांना एकच पेपर हाच न्याय. जागा रिकाम्या राहतात त्या भलत्या कॉलेजांच्या.

कोथरूडची_आई
मग त्या नावाजलेल्या चार कॉलेजांनी घ्यावी आपापली परीक्षा. आडगावच्या कॉलेजातल्या मुलाला तुम्ही त्यात का ओढता? काही कॉलेजांनी कोर्सचं नाव बदलून सीईटीतून सुटका करून घेतली. अभ्यासक्रम जवळजवळ तोच. मग सक्तीला अर्थ काय राहिला?

एमएस्सीवाला_पुणे
पदव्युत्तरचं सांगतो, कारण तिथे मला परीक्षेनेच तारलं. बीएस्सीला आमच्या तालुक्याच्या कॉलेजात मार्क हात आखडून देत, शहरातली मुलं माझ्या बरीच पुढे. विद्यापीठाच्या विभागाने प्रवेश परीक्षा घेतली म्हणून मला जागा मिळाली. नुसत्या टक्क्यांवर यादी लागली असती तर मी गावीच असतो. पण ताई, एक फरक आहे. आमच्या पेपरात बहुतेक प्रश्न विषयाचे होते. बीबीएच्या सीईटीत तेच नाही, तिथे तुमचं म्हणणं खरं आहे.

सदाशिव_पेठी
म्हणजे पेपर सुधारा म्हणा ना. बंद करा कशाला?

दाखलेवाल्या_काकू
परीक्षेवर भांडताय, पण मुलं अडतात कागदांवर. मी सरकारी दाखले काढून देणाऱ्या सेतू केंद्रात बसते, जून-जुलैत रोज बघते. मार्कशीट, टीसी, डोमिसाईल, जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर (उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला). जातीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव ‘दत्तात्रय’, टीसीवर ‘दत्तात्रेय’, झालं! आता प्रतिज्ञापत्र करा, शाळेतून बोनाफाईड आणा. नॉन-क्रिमीलेअर दिलेल्या मुदतीत दिलं नाही की मुलगा राखीव जागेतून थेट खुल्या यादीत जातो, मग पर्सेंटाईल कितीही असो. गेल्या वर्षी एका ऊसतोडीवाल्याच्या मुलीचे वडील बाहेरगावच्या कामावरून सहीला येईपर्यंत प्रवेशाची फेरी उलटून गेली. मार्कांवर प्रवेश असला तरी हे कागद लागणारच. सीईटीने त्यात एक फॉर्म, एक फी आणि प्रवेशाच्या फेऱ्या वाढवल्या.

कोथरूडची_आई
काकू, हेच मला म्हणायचं होतं. पेपर सुधारला तरी ती फी आणि त्या फेऱ्या राहतातच. सदाशिव पेठेतल्या मुलाला त्याने काही फरक पडत नाही, ऊसतोडीवाल्याच्या मुलीला पडतो.

सदाशिव_पेठी
फी माफ करा, फेऱ्या कमी करा, पेपर मराठीतही काढा. तिन्हीला माझा पाठिंबा. परीक्षा मात्र हवीच. नाहीतर त्याच मुलीचे ८० टक्के आणि इथल्या मुलाचे कॉलेजने फुगवलेले ९२ समोरासमोर ठेवले, तर यादीत कोण वर येईल, तुम्हीच सांगा.