डर्बन: 'कुली' हा शब्द मी माझ्या हाताने कापडावर लिहावा का?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार. प्रश्न एकाच शब्दाचा आहे, पण तो कळायला थोडं घरचं सांगावं लागेल.

मी मूळची चिपळूणची. बाबा बोर्ड पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती त्यांनी रंगवल्या आणि त्यांच्या हाताखाली मी अक्षर शिकले. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे दक्षिण आफ्रिकेत डर्बनला आले. चॅट्सवर्थमध्ये एका आंटींच्या घरामागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या आहेत. (इथे वयाने मोठ्या प्रत्येक बाईला आंटीच म्हणतात.) आंटी ८१ वर्षांच्या, तमीळ वंशाच्या. त्यांच्या पणजीला मद्रासहून गिरमिटावर (मजुरीच्या करारावर) आणलं होतं, उसाच्या मळ्यात राबायला. आंटींना तमीळ येतं ते देवाच्या गाण्यांपुरतं, बाकी घरात इंग्रजीच.

पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून चूक झाली. आंटी ताटलीत काहीतरी झाकून घेऊन आल्या होत्या, मी आईशी फोनवर बोलत होते. म्हटलं, "अगं, इथे कुली-बिली कुणी नाही, सगळ्या बॅगा आम्हीच ओढल्या." आंटींनी ताटली ओट्यावर ठेवली आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या. चार दिवस बोलल्या नाहीत. शेवटी त्यांच्या नातीने सांगितलं. माझ्या अख्ख्या मराठी वाक्यातला आंटींना कळलेला तो एकच शब्द होता.

मग मी वाचून काढलं. १६ नोव्हेंबर १८६० ला 'ट्रूरो' नावाचं जहाज मद्रासहून ३४२ माणसं घेऊन या बंदराला लागलं. १९११ पर्यंत अशी दीड लाखाहून जास्त माणसं आली. प्रत्येकाला एक नंबर, आणि सगळ्यांना मिळून एक नाव: कुली. पुढे स्वतःच्या पैशाने आलेले गुजराती व्यापारी, तेही 'कुली व्यापारी'. गांधीजी १८९३ मध्ये आले, तर ते 'कुली बॅरिस्टर'; हे त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवलंय. ओझं उचलण्याशी या शब्दाचा संबंधच उरला नव्हता. माणूस हिंदुस्थानातून आलाय एवढं पुरे होतं.

आता मुद्दा. आंटींची नात २६ वर्षांची, कापडावर काम करते. यंदाच्या सोळा नोव्हेंबरला ती घरातल्या बायकांच्या जुन्या साड्या, पणजीच्या आजीचा नंबर असलेला कागद, ऊसतोडीचा कोयता असं प्रदर्शन मांडणार आहे. दाराशी पाच मीटर लांबीचं कापड, त्यावर कुली हा एकच शब्द, तीन लिप्यांत. तमीळ आणि इंग्रजी झालंय. देवनागरी मी लिहावी म्हणते. तिचं म्हणणं, "हा शब्द आम्हाला मारला तो आम्ही उचलून घेतला, आता कोणी परत मारू शकत नाही." आंटींचं म्हणणं, "माझ्या मशीनवर हे कापड शिवायचं नाही."

मी वर्तमानपत्रावर सराव करून पाहिला. बाबा म्हणायचे, अक्षर काढताना शब्द वाचू नये, नाहीतर हात थांबतो. 'क' चा उकार दिला, 'ल' ची दुसरी वेलांटी ओढायला गेले आणि हात थांबला.

लिहू की नको?

---

तीस_नंबर_पेठ

ताई, मला वाटतं तुम्ही फार मनाला लावून घेताय. तमीळमध्ये 'कूली' म्हणजे मजुरी. काही जण तो शब्द गुजरातेतल्या कोळी जमातीशी जोडतात. दोन्हीकडून पाहिलं तरी त्यात शिवी नाही. कष्टाच्या कामाला कमीपणा मानायची सवय आपली आहे, शब्दाची नाही. बिनधास्त लिहा.

---

लाल_डगला

वरच्या प्रतिसादातल्या कष्टाच्या कामाबद्दलच्या ओळीशी सहमत आहे, निष्कर्षाशी नाही.

माझे वडील एकतीस वर्षं स्टेशनवर बिल्लेवाले हमाल होते. लाल शर्ट, दंडाला पितळी बिल्ला, डोक्यावर चुंबळ. लोक 'ए कुली' म्हणायचे, 'हमाल' म्हणायचे, नुसती शिट्टीही मारायचे. त्यांना शिट्टीचा राग यायचा, शब्दाचा नाही. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात सुरेश प्रभूंनी जाहीर केलं की यापुढे कुलींना 'सहायक' म्हणायचं. टीव्हीवर बातमी लागली तेव्हा वडील निवृत्त होते. म्हणाले, "चाकाच्या बॅगा आल्यापासून पोरांची बोहनी होत नाही, त्याचं काय ठरलं?"

पुण्याच्या मार्केटात बाबा आढावांनी संघटना बांधली ती 'हमाल पंचायत' या नावाने. हमाल हाच शब्द ठेवला. १९६९ च्या माथाडी कायद्याच्या नावातही 'हमाल' आहे. शब्द तोच, पण त्याच्यामागे ठरलेली मजुरी आली, भविष्यनिर्वाह निधी आला, पोरांच्या शाळेचे पैसे आले. त्यामुळे आमच्या घरात हा शब्द ताठ मानेने बोलला जातो. बिल्ला आजही देवघरात आहे.

पण आमच्याकडे कुली हे कामाचं नाव होतं. संध्याकाळी बिल्ला काढला की वडील घरचे, गल्लीतले, भजनी मंडळातले. आंटींच्या लोकांना तो बिल्ला काढताच आला नाही. बॅरिस्टर झाला तरी कुली, दुकान टाकलं तरी कुली, पोटातलं पोरही कुली. म्हणून तमीळमध्ये अर्थ काय आणि मराठीत काय, याचा इथे उपयोग नाही. तुम्ही देवनागरीत लिहाल तो स्टेशनवरचा शब्द नसेल, नाताळ प्रांतातल्या (डर्बनच्या भागाचं जुनं नाव) मळ्यातला असेल. आणि देवनागरी वाचणाऱ्या आपल्यासारख्याला मात्र तो स्टेशनवरचाच वाटेल, साधा. नातीला हे सांगितलंय का? इंग्रजी अक्षरं बघून जे टोचतं ते देवनागरीत टोचणार नाही.

---

पोर्ट_लुई

मी मॉरिशसचा मराठी. आमचे लोक रत्नागिरीकडून आले, घरी क्रिओल बोलतो, मराठी मी शाळेत शिकलो. चूक असेल तर समजून घ्या.

आमच्या राजधानीत ज्या धक्क्यावर ते सगळे उतरले, त्याचं नाव पूर्वी कुली घाट होतं. आता आप्रवासी घाट. २००६ मध्ये तो जागतिक वारसा झाला. म्हणजे सरकारने शब्द काढला. पण आमचाच कवी खाल तोराबुली, त्याने १९९२ मध्ये उलट केलं. आफ्रिकी वंशाच्या कवींनी 'नीग्रो' हाच शब्द अभिमानाने उचलून 'नेग्रिट्यूड' म्हटलं होतं, तसं त्याने 'कूलीट्यूड' म्हटलं. गयानात राजकुमारी सिंग यांनी तर १९७३ मध्येच 'मी कुली आहे' असा लेख लिहिला. तुमच्या घरातली मुलगी एकटी नाही.

आणखी एक सांगतो. आमच्या बेटावर हिंदूला 'मलबार' म्हटलं तर भांडण होतं. शाळेत मी त्यासाठी मारामारी केली आहे. शेजारचं बेट रेयुनियाँ. तिथे तमीळ वंशाचे लोक स्वतःला मलबारच म्हणतात, सहज, आपण मराठी म्हणतो तसं. मी तिथे कामाला गेलो, एका माणसाने हात पुढे केला आणि हसून म्हणाला, मी मलबार, तू? मला उत्तर देता आलं नाही. त्याच्यासाठी शब्द बरा झाला होता, माझ्यासाठी नाही. मोका इथे महात्मा गांधी संस्थेत आमच्या पूर्वजांची कागदपत्रं आहेत, नंबर आणि फोटो. माझ्या खापरपणजोबांचा फोटो पाहिला तेव्हा वाटलं, यांना कोणीच विचारलं नाही तुम्हाला काय म्हणायचं.

---

निळी_पहाट

हा वाद आमच्या घरात जेवताना झालेला आहे, फक्त शब्द वेगळे होते.

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली. 'पँथर' अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आलं, हे सगळ्यांना माहीत आहे. माझे काका त्या मोर्च्यांत होते, 'दलित' म्हणताना त्यांचा आवाज चढायचा. आजोबांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतलेली. ते म्हणायचे, "मी बौद्ध. मला दडपलेला म्हणू नकोस, मी उठलेला आहे." दोघे शेवटपर्यंत आपापल्या शब्दावर राहिले आणि एका ताटात जेवले.

पण नीट पाहा. 'दलित' ही आम्हाला घातलेली शिवी नव्हती, तो आपणहून घेतलेला शब्द होता. शिवी म्हणून वापरलं जायचं ते जातीचं नाव, विहिरीवर, शाळेत, बैलाला हाकारावं तसं. ते नाव आमच्या लेखकांनी आत्मकथनांत जसंच्या तसं छापलं, कारण वाचणाऱ्याला ते लागायला हवं होतं. दारावर तोरणासारखं कोणी लावलं नाही. गावातल्या वस्तीच्या पाटीवर मात्र ते राहिलं. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारने घेतला तो डिसेंबर २०२० मध्ये.

म्हणून ताई, कापड दाराशी आहे की आत, याने फार फरक पडतो. आतल्या खोलीत, त्या नंबराच्या कागदाशेजारी तो शब्द असेल तर तो पुरावा आहे. दाराशी लावला तर आत येणाऱ्या प्रत्येकाला तो तोंडात घ्यायची परवानगी मिळते. आंटींना त्याच दारातून आत यायचंय. ज्यांनी तो प्रत्यक्ष ऐकला त्या जिवंत असताना त्यांच्यावरून पुढे जाऊ नका. आणि तुम्ही त्या घरच्या नाही, तेव्हा तुम्ही तर घाई मुळीच करू नका.

---

जोबर्गहून

नऊ वर्षं या देशात आहे. एक अप्रिय गोष्ट लिहितो.

इथे कृष्णवर्णीयांना हिणवायला जो 'क'चा शब्द होता (कुली नव्हे, दुसरा) तो आता कोणी पूर्ण उच्चारतही नाही. २०१८ मध्ये जोहान्सबर्गजवळच्या न्यायालयाने एका बाईला तो शब्द पोलिसांना उद्देशून ४८ वेळा वापरल्याबद्दल प्रत्यक्ष दोन वर्षांची कैद सुनावली. आणि ज्या गांधीजींना 'कुली बॅरिस्टर' ऐकावं लागलं, त्यांच्या त्या काळातल्या लिखाणात कृष्णवर्णीयांसाठी हाच 'क'चा शब्द पुन्हा पुन्हा येतो. घानाच्या विद्यापीठातला त्यांचा पुतळा २०१८ मध्ये हलवला गेला तो याच कारणाने.

आपण मराठी मंडळी घरच्या गप्पांत 'हबशी' किंवा 'काळे' म्हणतो, समोरच्याला कळत नाही या भरवशावर. आंटींना तुमचा एक शब्द कळला. आपले किती शब्द कुणाकुणाला कळले असतील? प्रदर्शनात कुली हा शब्द मांडायचा असेल तर नातीला हेही विचारा, की आपल्या आज्यांनी दुसऱ्यांना काय म्हटलं त्याला त्या कापडावर जागा आहे का.

---

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. जोबर्गहून, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस लिहू शकले नाही. 'हबशी' हा शब्द आमच्या टेबलावर आहे. नवऱ्याशी बोलले. तो काही वेळ गप्प बसला आणि म्हणाला, बंद.

काल आंटींकडे गेले. त्या मागच्या अंगणातला कढीपत्ता ओरबाडून पाने निवडत होत्या. मी सरळ विचारलं, तुम्ही आणि तुमच्या मैत्रिणी एकमेकींना 'चारू' (इथल्या भारतीय वंशाच्या माणसासाठीचा बोलीतला शब्द) म्हणता, हसता. तोही गोऱ्यांच्या तोंडी कडूच होता ना? मग हा का नको?

त्या म्हणाल्या, "चारू मला बाहेर कोणी म्हटलं नाही. तो आमचा घरातला." मग बराच वेळ काही नाही. मग सांगितलं. त्या नऊ वर्षांच्या होत्या, कॅटो मॅनरला राहायच्या. (पुढे तो भाग गोऱ्यांसाठी ठरला आणि यांना उचलून चॅट्सवर्थला टाकलं.) आई डोक्यावर भाजीची टोपली घेऊन गोऱ्यांच्या वस्तीत दारोदार जायची, या मागून मिरच्या-कोथिंबिरीची पिशवी घेऊन. भाजीवाल्या बायकांना तिथे सरसकट 'कुली मेरी' म्हणत. पुरुष असला तर 'सॅमी'. एका दारात छोटा मुलगा आत ओरडून सांगायचा, आई, कुली मेरी आलीय. तो वाईट मुलगा नव्हता, आंटी म्हणाल्या, त्याला वाटायचं तेच नाव आहे. आणि आई 'येस' म्हणायची. "दहा वर्षं ती मेरीला ओ देत होती. तुम्ही पाच मीटर कापड आणलंत, तीन लिप्या आणल्यात. माझ्या आईचं नाव त्यावर कुठे आहे?"

मी नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, मला नीट कळलं नाही, तर तोडून तोडून सांगितलं. नात दारात उभी राहून ऐकत होती. तिलाही ते पूर्ण नाव माहीत नव्हतं; तिला फक्त 'ग्रॅनी' माहीत होती.

संध्याकाळी कापडाचा एक वेगळा तुकडा घेतला, रेघ आखली आणि ते नाव लिहिलं. नऊ अक्षरं आहेत, आडवं बसायला वेळ लागला. आंटींनी तो तुकडा स्वतः मशीनवर घेऊन कडा दुमडली.

'कुली' अजून वर्तमानपत्रावरच आहे, वेलांटीशिवाय. नात म्हणते शब्द हवाच, पण दाराशी नको, आत कागदाशेजारी. (निळी_पहाट, तुमचं मी तिला इंग्रजीत करून सांगितलं.) आंटींनी अजून हो म्हटलेलं नाही. त्यांनी हो म्हटलं तरच लिहीन. लाल_डगला, तुमचं देवनागरीबद्दलचंही सांगितलं. त्यावर ती विचार करते आहे, कदाचित माझी लिपी फक्त नावाला राहील.

सोळा तारखेला पाच आठवडे आहेत. ठरलं की इथेच कळवते.