गाठीत प्रतिकारपेशी भरपूर, म्हणजे कॅन्सर पसरणार नाही?

निळीशाई: कुणाच्या बायोप्सीत 'लिम्फोसाइट्स भरपूर' (लिम्फोसाइट्स म्हणजे एक प्रकारच्या प्रतिकारपेशी) आलं की लगेच "शरीर लढतंय, आता पसरत नाही" असं सांगितलं जातं. मला हे पटत नाही. गाठीत शिरलेल्या सगळ्याच प्रतिकारपेशी आपल्या बाजूच्या नसतात. मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि कचरा गिळणाऱ्या प्रतिकारपेशी, घ्या. त्यांच्या वाढीला लागणारं सीएसएफ-1 हे प्रथिन ज्यांच्यात नाही, अशा उंदरांवरचा प्रयोग 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. स्तनात गाठी झाल्या, वाढल्याही; पण फुप्फुसात पसरणं खूपच घटलं. कॅन्सरपेशी सीएसएफ-1 सोडते, मॅक्रोफेज ईजीएफ हे पेशींना वाढायला लावणारं प्रथिन सोडतो. एकमेकांना ओढत दोघं कोलॅजनच्या तंतूंवरून रक्तवाहिनी गाठतात, आणि तिथे बसलेला दुसरा मॅक्रोफेज वाहिनीची भिंत सैल करतो. पहारेकऱ्यानंच कडी काढून द्यावी तसं.

तर्रीबाज: साफ असहमत. उंदीर राहू द्या, माणसांचं बघा. पॅरिसच्या जेरोम गालों यांच्या गटानं 2006 मध्ये मोठ्या आतड्याच्या गाठींतल्या टी-पेशी (लिम्फोसाइट्सचाच एक प्रकार) मोजल्या, मध्यभागी वेगळ्या, कडेला वेगळ्या. आजार उलटेल का, याचा अंदाज नेहमीच्या स्टेजिंगपेक्षा (कॅन्सर किती पसरलाय त्याच्या टप्प्यापेक्षा) त्यावरून चांगला आला. 2018 मध्ये 13 देशांतल्या अडीच हजारांवर रुग्णांत ही पद्धत पुन्हा ताडली, टिकली. ट्रिपल निगेटिव्ह (तपासले जाणारे तिन्ही रिसेप्टर नसलेल्या) स्तनकॅन्सरमध्येही लिम्फोसाइट्स जास्त तर निकाल बरा. उगाच घाबरवताय लोकांना.

निळीशाई: अहो, कुठल्या पेशी आणि कुठे, हे तुम्हीच मोजताय की! माझं भांडण सरसकट 'भरपूर' शी आहे. किडनीच्या क्लिअर सेल कॅन्सरमध्ये सीडी8 टी-पेशी (कॅन्सरपेशी मारणाऱ्या टी-पेशी) जास्त असणं अनेक अभ्यासांत वाईट लक्षण ठरलंय. तिथल्या बऱ्याच पेशी थकून निकामी झालेल्या असतात.

तर्रीबाज: किडनी अपवाद, मान्य. पण मॅक्रोफेज एवढे फितूर असते तर त्यांना आवरणारी औषधं का चालली नाहीत? सीएसएफ-1 ची वाट अडवणारं पेक्सिडार्टिनिब 2019 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, तेही सांध्याच्या अस्तरातल्या एका गाठीसाठी. स्तन, आतडं इथे अशा औषधांनी एकट्यानं फारसं काही केलेलं नाही.

निळीशाई: ते निराशाजनक आहे खरं. पण औषध फसलं म्हणून उंदरांत दिसलेली यंत्रणा खोटी ठरत नाही.

वाचनमात्र: तुमचं चालू द्या. रिपोर्ट हातात असलेल्यानं डॉक्टरांना विचारायचं काय?

तर्रीबाज: स्तनाचा असेल तर प्रकार कोणता आणि स्ट्रोमातल्या (गाठीतल्या आधार देणाऱ्या ऊतीतल्या) लिम्फोसाइट्सची टक्केवारी किती.

निळीशाई: आणि किडनीचा असेल तर त्या एका ओळीवर पेढे वाटू नका.