विधेयकं मोजता, प्रश्नही मोजा

"खासदारानं मांडलेलं एकही विधेयक पास झालं नाही, म्हणजे काम शून्य" असं गणित काही जण मांडतात, ते मला पटत नाही. मंत्री नसलेल्या खासदाराचं विधेयक हे खासगी विधेयक. स्वातंत्र्यापासून अशी फक्त 14 विधेयकं कायदा झाली, शेवटचं 1970 साली. त्यांना वेळ मिळतो तो एक आड एक शुक्रवारी दुपारचा अडीच तास, क्रमही चिठ्ठ्या काढून ठरतो आणि लोकसभा विसर्जित झाली की तिथं राहिलेली सगळी बाद. तरीही कोणत्या विषयावर विधेयक मांडलं हे जरूर बघा, त्यातून माणसाचं लक्ष कुठं आहे ते कळतं.

पण खरा माल प्रश्नांत असतो. आम्ही परभणीकडचे, सोयाबीनवाले. पीकविम्याचं काय झालं म्हणून तालुक्याला खेटे घालून थकलो, शेवटी पुतण्यानं संसदेच्या साइटवर अतारांकित प्रश्नांची, म्हणजे ज्यांना मंत्री फक्त लेखी उत्तर देतात त्यांची, उत्तरं शोधून दिली. एका उत्तराला जिल्हावार तक्ता जोडलेला होता. मंत्र्यानं सभागृहात दिलेला कागद! तो प्रिंट काढून नेला तेव्हा कुठं साहेबांनी नीट बसवून ऐकून घेतलं. मात्र तो प्रश्न विचारणारे आपल्याकडचे नव्हते, दुसऱ्या राज्यातले होते, हे फार लागलं मनाला. मराठवाड्याच्या आठही खासदारांचे पीकविमा आणि पाण्यावरचे प्रश्न प्रत्येक अधिवेशनानंतर काढून गावच्या ग्रुपवर टाकायला हवेत. एक ध्यानात ठेवा, मंत्री झालेला खासदार हजेरी नोंदवत नाही, प्रश्नही विचारत नाही. त्याचा तक्ता कोरा दिसला म्हणून लगेच बोल लावू नका, त्याचा हिशोब त्याच्या खात्यावरून मागा.