पान रेझिनमध्ये घातलं की तपकिरी पडतं, काय चुकतंय?

पानगळ: मी कॅनव्हासवर मिक्स्ड मीडिया करते, म्हणजे सालपटं, शेंगा, बिया, फिरताना जे खिशात येतं ते सगळं, आणि आता त्यातूनच पेंडंट करून बघतेय. पण रेझिनमध्ये (ओतल्यावर काचेसारखं घट्ट होतं ते) घातलेलं पान आठवड्याभरात तपकिरी आणि कडेला बुडबुड्यांची झालर. ८ दिवस पुस्तकात दाबलं होतं हो!

खटपट्या: आत ओल राहिलीये. पुस्तकात पान सपाट होतं, पूर्ण वाळतंच असं नाही. सिलिका जेलमध्ये (ओल शोषणारे दाणे) पुरून ठेव, मग दोन्ही बाजूंनी रेझिनचा पातळ हात मार, तो सुकला की ओत. हिरवा रंग मात्र उन्हाने जाणारच.

जाळीदार: मी तर हिरवं काढूनच टाकते. जाड पान धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात मंद आचेवर १-२ तास, गर सुटला की मऊ ब्रशने नुसतं टपटप करायचं (घासू नकोस, माझी पहिली ६ तशीच फाटली), मग उरते शिरांची जाळी. हातमोजे घाल, स्वयंपाकाचं भांडं नको.

चतुर: पान खरंच आत हवंय का पण? रने लालिक या फ्रेंच दागिनेकाराने १८९७-९८ च्या सुमारास चतुर कीटकाचा दागिना केला तो सोनं, मीनाकाम, मूनस्टोन, हिरे यांचा, पंखांवरच्या शिरा बघ एकदा.

पानगळ: बघितला. आता सगळं सोडून पिंपळाच्या पानाच्या शिरा तांब्याच्या तारेत वळत बसलेय, बोटं सोलली 😅