मसूर: मोठा दाणा की लहान दाणा? वजन, घनता आणि फुगण्यावरून पोषणाचं काय कळतं?

दाणेमोजणी (प्रश्न; खालची शीर्षकं म्हणजे चर्चेत लिहिणाऱ्यांची टोपणनावं)

अख्ख्या, टरफलासकट मसुराचे दोन नमुने आहेत. आकाराची मापं कॅलिपरने घेतली, वजनं 0.01 ग्रॅमच्या काट्यावर. भिजवण 16 तासांची, साध्या खोलीच्या तापमानाला.

नमुना अ: लांबी 5.9, रुंदी 5.7, जाडी 2.5 मिमी. 100 दाण्यांचं वजन 5.10 ग्रॅम, भिजल्यावर 9.95 ग्रॅम. एक लिटरच्या भांड्यात 770 ग्रॅम मावतो.

नमुना ब: 4.4, 4.3, 2.2 मिमी. 100 दाणे 2.60 ग्रॅम, भिजल्यावर 4.85 ग्रॅम. लिटरमध्ये 815 ग्रॅम. यातले 9 दाणे 16 तासांनंतरही खडखडीत राहिले.

250 मिलीच्या सिलिंडरमध्ये पाणी घेऊन 20 ग्रॅम दाणे टाकले तर दोन्ही वेळा पातळी साधारण 17 मिली चढली, म्हणजे घनता 1.18. पुस्तकी आकडा याहून बराच जास्त दिसतो.

प्रश्न तीन. घनता कुठे चुकते आहे? अ चा दाणा ब च्या दुपटीहून जास्त पाणी पितो, याचा अर्थ तो चांगला असा घ्यायचा का? आणि या मापांवरून प्रथिनं, लोह वगैरेंचा काही अंदाज बांधता येतो का?

सूक्ष्मकाटा

आधी घनता. मसुराची खरी घनता 1.35 ते 1.40 च्या आत बसते, त्यामुळे 1.18 ही दाण्याची नाही, सिलिंडरची घनता आहे. 20 ग्रॅम मसुराने साधारण 14.5 मिली पाणी सरकायला हवं. 250 मिलीच्या सिलिंडरवर रेघा 2 मिलीच्या अंतराने असतात, तिथे दीड-दोन मिलीची चूक सहज होते. त्यात कोरड्या टरफलाला चिकटलेले हवेचे बुडबुडे. तेही आकारमानात मोजले जातात आणि घनता खाली ओढतात.

वाचन सोडा, वजन करा. रुंद तोंडाची काचेची बाटली घ्या, सपाट झाकणाची. काठोकाठ पाणी भरा, झाकण सरकवून जादा पाणी काढा, बाहेरून पुसा, वजन घ्या. समजा 312.40 ग्रॅम आलं. आता बाटली अर्धी रिकामी करून 50.00 ग्रॅम दाणे टाका, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका, बाटली गोल फिरवून बुडबुडे सोडवा, पुन्हा काठोकाठ भरून वजन घ्या. समजा 326.20. सरकलेलं पाणी = 312.40 + 50.00 − 326.20 = 36.20 ग्रॅम, म्हणजे तितकेच मिली. 50 भागिले 36.2 = 1.38. हे सगळं दोन-तीन मिनिटांत उरका, नाहीतर दाणा पाणी ओढायला लागतो. प्रयोगशाळेत पाण्याऐवजी टोल्युइन वापरतात ते एवढ्याचसाठी: दाण्यात ते फारसं मुरत नाही आणि पृष्ठभाग चटकन ओला करतं. पण त्याच्या वाफा अपायकारक असतात, वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाशिवाय त्याच्या नादी लागू नका.

1.38 धरला तर अ ची सच्छिद्रता, म्हणजे ढिगातल्या मोकळ्या जागेचा वाटा, 1 − 0.770/1.38 = 44 टक्के, ब ची 41. तुमच्या 1.18 ने अ ची 35 आली असती आणि साठवणीच्या हवेचं सगळं गणित चुकलं असतं. लिटरमध्ये ब जास्त मावतो याचं कारण त्याच्या आतला माल घट्ट आहे असं नाही. तुमच्याच मापांवरून गोलाई काढा: लांबी, रुंदी, जाडी यांच्या गुणाकाराचं घनमूळ, भागिले लांबी. अ साठी 4.38/5.9 = 0.74, ब साठी 3.47/4.4 = 0.79. ब थोडा अधिक गोल आहे. शिवाय त्यात लहानमोठे दाणे मिसळले असतील तर मधल्या फटीही भरतात. भांडं भरताना मात्र नरसाळं ठरावीक उंचीवर धरा, भांडं ठोकू नका आणि वरचा माल सरळ पट्टीने नागमोडी काढा. एकदा ठोकलं तरी आकडा वर जातो.

आता पाणी. प्रति दाणा पाणी मोजलं की मोठा दाणा जिंकणारच. अ ने दाण्यामागे 0.0485 ग्रॅम घेतलं, ब ने 0.0225. तुलना दाण्याच्या स्वतःच्या वजनाशी करायची. अ: 4.85/5.10 = 0.95. ब: 2.25/2.60 = 0.87. यातही ब मागे दिसतो, पण त्या 9 गणंगांनी (खडखडीत राहिलेल्या दाण्यांनी) पाणी घेतलेलंच नाही. त्यांचं वजन 0.23 ग्रॅम धरून वगळा: उरलेल्या 91 दाण्यांचं कोरडं वजन 2.37, भिजून 4.62. वाढ 2.25/2.37 = 0.95. म्हणजे जो दाणा फुगला तो अ इतकाच फुगला. दोन नमुन्यांत फरक आहे तो टरफलात.

टरफल

वरच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. न फुगलेले 9 दाणे बाजूला काढा, प्रत्येकाच्या कडेला ब्लेडने बारीक टोचा मारा, नाभीची (दाणा शेंगेला जोडलेला असतो ती) बाजू सोडून, नुसतं टरफल कापलं जाईल इतपत. पुन्हा भिजत घाला. काही तासांत फुगले तर दोष टरफलाचा: दाणा फार कोरडा झाला की टरफल पाणी आत घेईनासं होतं. टोचूनही कडक राहिले तर ते दाणे बहुधा किडके, सुकलेले किंवा अपक्व आहेत.

आणि हा दोष जुन्या मालातल्या 'फुगतो पण शिजत नाही' या दोषाहून वेगळा आहे, दोन्हींची सरमिसळ करू नका. दुसऱ्या प्रकारात दाणा व्यवस्थित पाणी पितो, पण पेशी एकमेकींपासून सुटत नाहीत. उष्ण आणि दमट जागी साठवलेल्या मालात फायटेज हे विकर खनिजं धरून ठेवणारं फायटिक आम्ल फोडतं, त्यातून मोकळे झालेले कॅल्शियम-मॅग्नेशियम पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला जखडतात. भिजवण-चाचणीत असा माल शंभर टक्के पास होतो. म्हणून फक्त फुगण्यावर निकाल देऊ नये.

पोषणखाते

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: प्रथिनांबाबत जवळजवळ काहीच कळत नाही. मसुरात प्रथिनं 20 ते 30 टक्क्यांच्या पट्ट्यात असतात, आणि ती वाण, जमिनीतला नत्र, पिकाची दाणे भरण्याची अवस्था यांवर हलतात. मोठा दाणा म्हणजे जास्त प्रथिनं, हा नियम टिकत नाही. लहान म्हणजे जास्त, हाही नाही.

टरफलाबाबत मात्र आकारावरून बोलता येतं. दाण्याच्या वजनात टरफल साधारण 8 टक्के, अंकुर जेमतेम 2, बाकी सगळी दलं. दाणा लहान झाला की आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग वाढतो, म्हणून टरफलाचा वाटाही थोडा वाढतो. तंतू, कॅल्शियमचा मोठा भाग आणि जवळपास सगळं टॅनिन (तुरट घटक) टरफलात. फायटिक आम्ल उलट दलांत. त्यामुळे सोललं की टॅनिन जातं, न विरघळणारे तंतू जातात, प्रथिनांची टक्केवारी किंचित चढते आणि फायटिक आम्लाचीही चढते. हे शेवटचं बरेच जण विसरतात आणि 'सोललं म्हणजे अपायकारक घटक गेले' असं सरसकट लिहून मोकळे होतात. तरीही सोललेल्या मसुरातलं लोह शरीराला तुलनेने सोपं जातं, कारण लोहाला पकडून ठेवणारी टरफलातली पॉलिफेनॉल गेलेली असतात.

100 ग्रॅम कोरड्या अख्ख्या मसुराचे ढोबळ आकडे: प्रथिनं 24-25 ग्रॅम, कर्बोदकं 63 (त्यातच तंतू सुमारे 11), स्निग्ध 1, लोह 6.5 मिग्रॅ, जस्त 3.3 मिग्रॅ, पोटॅशियम 680 मिग्रॅच्या आसपास आणि फोलेट सुमारे 480 मायक्रोग्रॅम. फोलेट हे मसुराचं खरं बलस्थान, त्याबद्दल फार कमी बोललं जातं. प्रथिनांतल्या अमिनो आम्लांपैकी लायसिन भरपूर, तर मेथिओनिन, सिस्टीन आणि ट्रिप्टोफॅन तोकडे. तृणधान्यात नेमकं उलटं असतं, म्हणून दोन्ही एकत्र खाल्ली की उणीव भरून निघते.

प्रयोगशाळेचे प्रथिनांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी दोन गोष्टी विचारा. पहिली, मोजलेल्या नत्रावरून प्रथिनं काढायचा गुणक कोणता? नत्र 4.0 टक्के आला तर 6.25 ने गुणून 25.0 होतात. काही जण डाळवर्गीयांसाठी 5.4 च्या जवळपासचा गुणक वापरतात, त्याने तोच दाणा 21.6 दाखवतो. दुसरी, आकडा ओलाव्यासकट आहे की कोरड्या पदार्थावर? कोरड्या पदार्थावर 27.3 टक्के असलेला मसूर 10 टक्के ओलाव्याला 24.6 आणि 14 टक्क्यांना 23.5 दिसेल. शिजवलेल्या मसुरात 9 टक्केच प्रथिनं वाचून दचकायचं कारण नाही, त्यात सत्तरेक टक्के पाणी असतं.

ओलावा_आधी

दोन्ही नमुन्यांचा ओलावा कुठेच दिलेला नाही! त्याशिवाय वरची सगळी तुलना अधांतरी. भरडलेला नमुना 105 अंशांवर ठेवा, वजन स्थिर होईपर्यंत. भरडायला वेळ लावू नका, ओलावा तिथेच उडतो. आणि कोणत्या पायावर आकडा देताय ते लिहा: ओल्या वजनावर 12 टक्के म्हणजे कोरड्या वजनावर 13.6. ओलावा वाढला की 100 दाण्यांचं वजन वाढतं, लिटरचं वजन घटतं, ढिगाचा उतार जास्त उभा राहतो. हातातल्या मीटरचं वाचन दुसऱ्या धान्याच्या तक्त्यावरून घेतलं असेल तर ते सोडून द्या. साठवायला 13 टक्के किंवा कमी बरा, पण 10 च्या खाली गेला की आपटताना डाळ पडायला लागते.

दाणेमोजणी

ओलावा: अ 11.2, ब 9.1 टक्के, ओल्या वजनावर. टोचा मारलेले नऊच्या नऊ दाणे फुगले. म्हणजे ब कोरडा पडला असावा. आता शिजण्याची वेळ कशी मोजायची, आणि भिजवलेलं पाणी फेकायचं की ठेवायचं?

टरफल

9.1 टक्के आणि टोचल्यावर सगळे फुगले, चित्र जुळतंय. शिजण्यासाठी मॅटसनचं यंत्र असेल तर उत्तम: 25 दाण्यांवर 25 वजनदार सुया टेकलेल्या असतात, 20 सुया दाण्यातून आरपार गेल्या की ती वेळ. नसेल तर डिस्टिल्ड पाणी उकळून दाणे टाका, दाण्याच्या दहापट पाणी, उकळी मोडू देऊ नका. दहा मिनिटांनंतर दर दोन मिनिटांनी 10 दाणे काढून दोन काचांमध्ये दाबा. मधोमध पांढरा, पिठूळ ठिपका दिसला की कच्चा. 10 पैकी 9 दाण्यांत ठिपका नाही, ती वेळ नोंदवा. नुसतं 'बोटचेपा झाला' हे दोन माणसांत जुळत नाही.

तुमच्या मापांत एक गंमत आहे. अ चं वजन ब च्या जवळजवळ दुप्पट, पण जाडी 2.5 विरुद्ध 2.2. पाणी आणि उष्णता सर्वांत जवळच्या वाटेने, म्हणजे जाडीतूनच आत शिरते. त्यामुळे शिजायच्या वेळेत दुपटीचा फरक शोधू नका. याच कारणाने प्रतवारी करताना लांबट भोकांची चाळणी वापरा, ती जाडीने निवडते. गोल भोकांची व्यासाने निवडते.

पोषणखाते

भिजवलेल्या पाण्यात रॅफिनोज, स्टॅकिओज ही वायू करणारी शर्करा काही प्रमाणात उतरते, टॅनिन उतरतं, पण पोटॅशियम आणि फोलेटही उतरतात. पोटाला त्रास होत असेल तर फेका, नसेल तर ठेवा. मोजमापासाठी मात्र फेकलेल्या पाण्यातला घन भाग सुकवून वजन करा, नाहीतर भिजल्यावरचं वजन मूळ वजनाशी नीट जुळत नाही. फायटिक आम्ल उकळून फारसं जात नाही, मोड आणल्यावर दाण्यातलंच फायटेज जागं होऊन ते कमी होतं. प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवणारे घटक मात्र उकळीने बऱ्याच अंशी निकामी होतात. लोहासाठी सोबत क जीवनसत्त्व घेतलं तर फरक पडतो, पण आंबट पदार्थ शिजताना टाकू नका, आम्लामुळे पेक्टिन सुटत नाही आणि दाणा कडक राहतो. कठीण पाण्यातही तेच होतं, कॅल्शियममुळे. सोड्याने लवकर शिजतो खरा, पण थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) नासतं.