'एफ'वाला प्रोसेसर घेऊ नका

भाऊ, वणीत लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगसाठी इंटेलचा प्रोसेसर घ्यावा की एएमडी कंपनीचा रायझन, असं तुम्ही विचारलंय. २०१७ मध्ये रायझन आला, तेव्हा कुठे इंटेल आपल्या साध्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये चार कोरच्या (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांच्या) पुढे सरकला. त्या चुरशीचा फायदा आपल्याला आजही मिळतोय. पण तुमच्या कामात कोर मोजून भागत नाही.

कॅमेरा १०-बिट ४:२:२ एचईव्हीसीत (जास्त रंग-माहिती ठेवणाऱ्या, दाबून साठवलेल्या व्हिडिओ प्रकारात) शूट करत असेल, तर इंटेलच्या अलीकडच्या प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समधलं क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओसाठीचा खास भाग, ते थेट डिकोड करतं, म्हणजे उलगडतं. एनव्हिडियाच्या ४० मालिकेतल्या ग्राफिक्स कार्डांना ते जमत नाही, ५० मालिकेपासून जमायला लागलं. म्हणून इंटेलचा आय५-१२४०० घ्या, १२४००एफ अजिबात नको. 'एफ' म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. थोडे पैसे वाचतात, पण एडिटिंग करताना टाइमलाइनवरचा व्हिडिओ अडकत चालतो.

नुसते सातबारा, फॉर्म आणि फोटो असतील तर रायझन ५६००जी पुरेसा. रॅम मात्र ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या लावा. त्याचं ग्राफिक्स रॅममधूनच मेमरी घेतं, एकाच पट्टीवर ते निम्म्यानं उपाशी राहतं.

आणि जिनिंग जवळ असेल तर हंगामात दर पंधरा दिवसांनी कॅबिनेट उघडा. कापसाचा तंतू हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखा बसतो. मग मे महिन्यात टिनाखाली प्रोसेसर ९५-१०० अंशांवर जाऊन आपोआप वेग कमी करतो, अन् दोष कंपनीला लागतो. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, नाहीतर बेअरिंग जातं.