रिकामा वेळ ठेवाच, पण मोकळा सोडू नका
वर कुणीतरी म्हटलंय की रिट्रीटमध्ये (घरापासून लांब जाऊन केलेल्या आध्यात्मिक शिबिरात) रिकामा वेळ ठेवूच नये, लोक मोबाईल काढून बसतात. मोबाईलचं खरंय, पण उपाय नाही पटला. आम्ही पहिल्या वर्षी तेच केलेलं, दीड दिवसात सात सेशन कोंबली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वक्ते बोलतायत नि मागच्या दोन रांगा सरळ पेंगतायत, त्यात मीपण (वेळापत्रक मीच केलेलं!). बायबलमधल्या मार्क 6:31 मध्ये येशू शिष्यांना एकांतात चला, जरा विसावा घ्या म्हणतो, कारण माणसांच्या येण्याजाण्यात त्यांना जेवायलाही सवड नव्हती, आणि आपण लोकांना एवढ्या लांब नेऊन परत तीच धावपळ करायला लावतो.

पुढच्या वर्षी दुपारी दोन तास मौन ठेवलं. नुसतं 'शांत बसा' सांगून भागत नाही, म्हणून प्रत्येकाला एक छोटा उतारा, एक प्रश्न आणि कोरा कागद दिला, मोबाईल सगळे एका टोपलीत. पहिली वीसेक मिनिटं नुसती चुळबूळ, मग एकेक जण उठून लांब जाऊन बसला. ग्रुपमध्ये कधी तोंड न उघडणारे एक काका संध्याकाळी कागद दोन्ही बाजूंनी भरून घेऊन आले. फक्त एक करा, एक फोन चालू ठेवा आणि तो नंबर आधीच सगळ्यांच्या घरी देऊन ठेवा, नाहीतर लहान मुलं घरी ठेवून आलेल्या आयांचं सगळं लक्ष त्या टोपलीतच.